गिरणी कामगाराच्या घरातले फोटो आणि डायऱ्या : कुटुंबाचा इतिहास शोधताना कुठे चुकते आणि काय करावे

ट्रंक उघडली, फोटो चादरीवर पसरले, आजीला बोलावून ‘हा कोण, ती कोण’ विचारले आणि प्रत्येक फोटोच्या मागे बॉलपेनने नाव लिहून टाकले. बहुतेक घरांत शोध असाच सुरू होतो आणि पहिल्या तासातच निम्मा पुरावा हातचा जातो. कोणता फोटो कोणत्या पाकिटात होता आणि कोणती चिठ्ठी कोणत्या पानात होती, ते पुन्हा कळत नाही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उमटतो. आजीने अंदाजाने घेतलेले नाव कायमचे खरे होऊन बसते.

पुढची पद्धत मुंबईच्या गिरणगावात राबलेल्या कुटुंबांसाठी आहे. म्हणजे घर कोकणात किंवा घाटावर, बिऱ्हाड लालबाग, परळ, वरळी, नायगावच्या चाळीत. अशा घरांत छापील कुलवृत्तांत सहसा नसतो. पन्नासेक फोटो, हिशेबाच्या वह्या, फुकट मिळालेल्या डायऱ्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या आणि गिरणीची कागदे एवढेच हाती असते. ते पुरते, पण क्रम पाळावा लागतो : आधी जागेची नोंद, मग प्रत, मग वाचन आणि माणसे त्यानंतर. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो.

## तयारी

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत फोटोवरचा थर मऊ पडतो, एकमेकांवरचे फोटो चिकटतात आणि उघडलेल्या वहीला आठवड्यात बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

लागणारे सामान थोडे आहे :

- २बी पेन्सिल. पेन, मार्कर, बॉलपेन त्या टेबलावर ठेवूच नका.
- मऊ केसांचा रुंद ब्रश, दहापट मोठे दाखवणारे भिंग, सेंटिमीटरची पट्टी.
- आम्लरहित कागदाची पाकिटे. प्लास्टिकच हवे असेल तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे. वास येणारे, हाताला मऊ-चिकट लागणारे पीव्हीसीचे कव्हर फोटोला चिकटते.
- फोटो आणि निगेटिव्हसाठी नायट्राइलचे हातमोजे. वह्यांसाठी मोजे नकोत, धुऊन कोरडे केलेले हातच बरे. मोज्यात पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटते.
- फ्लॅटबेड स्कॅनर. नसल्यास मोबाइल, स्टँड आणि दोन सारखे दिवे.
- एक नोंदवही. रकाने असे : क्रमांक, कुठे सापडले, आकार, मागचा मजकूर, कोणी काय सांगितले, खात्री.

शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी त्यांच्यावाचूनच अडते.

## टप्पा १ : हात लावण्याआधी जागेची नोंद

ट्रंक, पेटी, देवघराचा खण, भिंतीवरची चौकट, जिथे जे आहे तिथेच त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग वरून खाली एकेक थर उचला. प्रत्येक पाकिटाला, पुडक्याला, वहीला अक्षर द्या (क, ख, ग) आणि आतल्या वस्तूंना क्रमांक : क-००१, क-००२. वहीत खुपसलेला कागद वहीचाच भाग. तो बाहेर काढायचा झाल्यास ‘ग-००३, पान ४६ व ४७च्या मध्ये’ असे लिहून काढा.

फोटो विषयवार, माणूसवार किंवा सालवार लावण्याचा मोह इथे आवरा. एकाच पाकिटात एकत्र सापडलेले चार फोटो बहुधा एकाच प्रसंगाचे किंवा एकाच माणसाने जपलेले असतात, आणि ही माहिती फोटोत नसते, पाकिटात असते. विषयवार मांडणी पुढे संगणकावर हवी तितक्या वेळा करता येते.

तपासा : घरातली ‘सरकारी कामाची’ फाइल पाहिलीत का? गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज करताना १ जानेवारी १९८२ ही तारीख पात्रतेची ठरली. त्यामुळे गिरणीचे ओळखपत्र, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पगारपत्रके जुन्या पेटीतून निघून वेगळ्या फाइलीत गेलेली असतात. पुष्कळदा लॅमिनेशन होऊन. लॅमिनेट झालेले सोडवायला जाऊ नका, तसेच स्कॅन करा. बाकीच्यांचे मात्र कोणाला करू देऊ नका.

## टप्पा २ : सफाई कमी, सांभाळ जास्त

सुक्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झटका. तेवढेच. ओले कापड, स्पिरिट, कापसाचा बोळा काहीही नको. वहीतल्या मजकुराबाबत तर जास्तच जपा. जुन्या हिशेबांत कॉपिंग पेन्सिल असते. ती कोरडी असताना करडी दिसते आणि ओलावा लागला की जांभळी होऊन पसरते.

नेहमीच्या अडचणी अशा :

काचेला चिकटलेला फोटो. ओढू नका. चौकटीतून काचेसकट काढा आणि काचेवरूनच स्कॅन करा. ओढल्यास चेहरा काचेवर आणि कागद हातात राहतो.

चिकट पानांचा अल्बम. वरचे प्लास्टिक उचलून फोटोखालून दात साफ करायचा बारीक दोरा करवतीसारखा सरकवा. पाच मिनिटांत हलला नाही तर पानासकट ठेवा.

बुरशी. तो गठ्ठा ताबडतोब वेगळा करा. आधी पूर्ण कोरडा होऊ द्या, मग मास्क लावून उघड्यावर ब्रशने झटका. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती आत रगडली जाते.

निगेटिव्ह. सिरक्यासारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती फोटोंपासून दूर, हवेशीर कागदी पाकिटात ठेवा आणि तिचे स्कॅन सर्वांत आधी उरका. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा इंग्रजी शब्द आहे का, ते पाहा. १९५० पूर्वीची आणि तो शब्द नसलेली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झटकन पेट घेते, म्हणून उष्णतेजवळ किंवा तापलेल्या स्कॅनरवर ठेवू नये.

सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपल हे घरगुती ‘दुरुस्ती’चे त्रिकूट बंद. डांबरगोळ्याही फोटोला लागून ठेवू नयेत.

## टप्पा ३ : प्रत काढणे

पुढची आणि मागची, दोन्ही बाजू. मागे काही लिहिलेले नसले तरी. कागदाच्या मागचा पुसट छाप, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला निगेटिव्ह क्रमांक, अल्बमचा काळा कागद चिकटलेला तुकडा, या सगळ्याचा पुढच्या टप्प्यात उपयोग आहे.

रिझोल्यूशन आकारावर ठरवा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरतात. पण ६ × ९ सेंटिमीटरचा छोटा फोटो ६०० वर जेमतेम ३० लाख पिक्सेलचा होतो आणि १२०० वर १ कोटी २० लाखांचा. मागच्या रांगेतल्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला वाचायचा तर १२००च हवे. ३५ मिलिमीटर निगेटिव्हला २४०० किंवा जास्त. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, डाग, हाताने भरलेला रंग, शाईची छटा करड्या मोडमध्ये हरवते. मूळ फाइल टिफ, वाटण्यासाठी वेगळी जेपीईजी. स्कॅनरचे ‘आपोआप सुधारणा’ आणि ‘धूळ काढा’ हे पर्याय बंद ठेवा. ते नथीचा मोतीही धूळ समजून पुसतात.

मोबाइलने काढायचे तर फोटो सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावा, फ्लॅश बंद. कडेला पट्टी ठेवा, म्हणजे आकार कायमचा नोंदला जातो.

वह्या-डायऱ्यांची प्रत मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत क्रमाने काढा, कोरी पानेसुद्धा. कोरे पान सोडले की ‘इथे लिहिलेच नाही’ की ‘इथला फोटो काढायचा राहिला’ हे नंतर सांगता येत नाही.

फाइलचे नाव म्हणजे तोच क्रमांक : ‘क-००७-पुढे’, ‘क-००७-मागे’. ‘आजोबा तरुणपणी’ असे नाव देऊ नका, ते आजोबा नसून चुलत आजोबा निघतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, आणि पुढे तीच आक्रसलेली प्रत घरोघर ‘मूळ’ म्हणून फिरते.

## टप्पा ४ : फोटो वाचणे

चेहऱ्याकडे शेवटी पाहा. आधी वस्तू म्हणून फोटो तपासा.

कागद आणि आकार. ६ × ६ किंवा ६ × ९ सेंटिमीटरचे छोटे चौकोनी-आयताकृती फोटो म्हणजे १२० रोलवरून (जुन्या कॅमेऱ्यांतल्या रुंद फिल्मवरून) थेट, न वाढवता काढलेले. त्या रोलवर ६ × ६चे बारा आणि ६ × ९चे आठ फोटो येतात. त्यामुळे एकाच आकाराचे, एकाच कडेचे आठ-बारा फोटो वेगवेगळ्या नातेवाइकांकडे विखुरलेले असू शकतात. ते एकत्र आणले की अख्खा प्रसंग उभा राहतो. मागे ‘इंदू’ छाप असेल तर कागद उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा आणि १९६७ किंवा त्यानंतरचा. पण लक्षात ठेवा, ही तारीख प्रतीची आहे. मूळ फोटो वीस वर्षे आधीचा असू शकतो. कडांजवळ अस्पष्टपणा, दुसऱ्या फोटोच्या कडेची पुसट रेघ किंवा टाचणीची सावली दिसली तर ती फोटोवरून काढलेली प्रत समजा.

स्टुडिओ. रंगवलेला पडदा, कमान, फुलदाणी, रेडिओ, मनगटी घड्याळ, कोट यांवरून सांपत्तिक स्थिती ठरवू नका. हे सामान स्टुडिओचेही असू शकते. पडद्याचा उपयोग वेगळा आहे : तोच पडदा दुसऱ्या एखाद्या तारीखवार फोटोत सापडला तर स्टुडिओ आणि साधारण काळ दोन्ही मिळतात. पडद्यावरचा डाग किंवा घडी जुळली तर अधिकच जवळचा काळ.

उलटा छापलेला फोटो. निगेटिव्ह उलटी धरून छापणे सर्रास होई. पुरुषाच्या सदऱ्याचे बटण-काज, पाटीवरची अक्षरे, बाईची नथ यांवरून ताडा. मराठी बायकांची नथ डाव्या नाकपुडीत असते. संगणकावर आरशासारखा फिरवून पाहा. हे न करता ‘डावखुरा होता’ असे निष्कर्ष निघालेले आहेत.

मृत्यूनंतरचा फोटो. भिंतीवरची मोठी तसबीर पुष्कळदा ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करून, त्यावर कोट-टोपी रंगवून केलेली असते. खांद्याची रेघ मानेशी नीट जुळत नाही, केस ब्रशने ओढलेले दिसतात. अशा तसबिरीवरचे कपडे पुरावा धरू नयेत. तिचा मूळ ग्रुप फोटो शोधावा, तो बहुतेक वेळा घरातच असतो.

मुलांचे घड्याळ. तारीख ठरवायला सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे सर्वांत लहान मूल. आधाराने बसणारे मूल साधारण सहा महिन्यांचे, पुढचे दात पडलेले साधारण सहा-सात वर्षांचे. तिसरे मूल वर्षाचे दिसते आणि चौथे फोटोत नाही, तर दोघांच्या जन्मांमधला काळ धरा. मात्र शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. घरात तिघांचा वाढदिवस १ जूनला येत असेल तर ती तारीख प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी घातलेली आहे.

गिरणीतले ग्रुप फोटो. निवृत्तीचा निरोप, खात्याची सत्यनारायणाची पूजा, युनियनचा मेळावा. पाटीवर खात्याचे नाव, साल, कधी पाळीही असते. खुर्चीवरचे लोक साहेब, जॉबर (कामगारांवरचा मुकादम), पुढारी. कामगार मागे उभे किंवा पुढे जमिनीवर. तुमचा माणूस कोणत्या रांगेत आहे, हे नोंदवा. साचेखात्याच्या (विणकामाच्या खात्याच्या) फोटोत तो आहे म्हणून तो विणकर होता असे मात्र धरू नका. बदली कामगार (कायम नसलेला, गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) आज या खात्यात, उद्या त्या.

धोका : चेहरा ओळखणाऱ्या ॲपने दिलेली जुळणी भावंडांत आणि चुलत भावांत सपशेल चुकते. तिला सूचना समजा, पुरावा नाही.

## टप्पा ५ : वह्या आणि डायऱ्या

सगळ्यात जास्त माहिती इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही. कामगाराची ‘डायरी’ म्हणजे मनातले लिहिलेली वही असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिच्यात असते : पगार, उसने, भिशी, खानावळीचे बिल, गावी पाठवलेली मनीऑर्डर, भजनाचे अभंग, कोणाच्या बारशाला काय दिले. हिशेबच वाचायला शिकावे लागते.

पहिली परीक्षा : डायरीचे साल. दुकानाने किंवा कंपनीने भेट दिलेली डायरी दोन-तीन वर्षांनी वापरायला काढत. छापील साल १९६४ आणि मजकूर १९६७चा, हे नेहमीचे. लिहिणाऱ्याने हाताने घातलेला वार आणि तारीख जुळवा. उदाहरणार्थ, ‘१२ ऑक्टोबर, रविवार’ ही जोडी १९५८ला जुळते. पण त्याच तारखेला तोच वार साधारण ५, ६ किंवा ११ वर्षांनी पुन्हा येतो, म्हणून एकट्या वारावर साल ठरत नाही. दुसरी खूण हवीच.

ती दुसरी खूण बहुधा पैशांत सापडते. रुपया-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीचे किंवा त्याच्या लगतचे (जुनी सवय लगेच सुटत नाही). ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४. १९६४ नंतर नुसते ‘पैसे’.

आणे वाचणे. जुन्या हिशेबात आकड्यानंतरची उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी रेघ म्हणजे एक आणा. ‘८।।=’ म्हणजे आठ रुपये दहा आणे. त्या उभ्या रेघांना पूर्णविराम किंवा ११ समजून टाइप केले की सगळी बेरीज कोसळते. म्हणून पानाखालची बेरीज स्वतः करून पाहा : १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. बेरीज जुळली तर वाचन बरोबर. एवढी सोपी परीक्षा दुसरी नाही आणि ती करणारे फार थोडे.

शक आणि तिथी. देवाधर्माच्या, लग्नाच्या, जन्माच्या नोंदी शके आणि तिथीत असतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. पौष महिना डिसेंबर-जानेवारीत पसरतो, चूक नेमकी तिथेच होते. पौष शके १८७९ची नोंद जानेवारीतली असेल तर ते १९५८ आहे, १९५७ नव्हे. तिथीवरून नेमकी तारीख त्या वर्षाच्या पंचांगातूनच काढा आणि अधिक महिना होता का तेही पाहा. शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबाची वही हाती आली तर वद्य पक्षात महिन्याचे नाव एकाने पुढे असते आणि साल विक्रम संवताचे असते.

लिपी. पूर्ण वही मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण त्याला मूळ वही न देता प्रत द्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे नावेच सर्वाधिक चुकतात. घरातल्या नावांची यादी जाणकाराला आधी देऊ नका. दिली तर तो तीच नावे वाचेल. वाचन झाल्यावर यादीशी ताडा.

पदव्या आणि नाती. ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘कै.’, ‘चि.’, ‘ती.’ या एक-दोन अक्षरांत तारीख दडलेली असते. मार्चमधल्या पत्रात ‘ती. आबा’ आणि दिवाळीच्या पत्रात ‘कै. आबा’ असेल, तर मृत्यू त्या मधल्या महिन्यांत. नात्याचे शब्द मात्र फसवे. बऱ्याच घरांत वडिलांना ‘दादा’ आणि आईला ‘वहिनी’ म्हणत, कारण घरातले मोठे तसे म्हणत. आत्याचा नवरा मामा, चाळीतली प्रत्येक बाई मावशी, एका गावचा म्हणून भाऊ. वहीतला ‘भाऊ’ सख्खा आहे असे तीन नोंदी जुळल्याशिवाय धरू नये.

पत्ते आणि ठिकाणे. गावाचा पत्ता बारकाईने वाचा, त्यात जिल्हा स्वतःच तारीख सांगतो :

- ‘जि. दक्षिण सातारा’ म्हणजे १९४९ ते १९६०, पुढे तोच सांगली.
- ‘ता. सावंतवाडी, जि. रत्नागिरी’ म्हणजे १९८१च्या आधी, कारण सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला.
- ‘जि. कुलाबा’ म्हणजे अलिबागकडचा आजचा रायगड. मुंबईतला कुलाबा समजून चुकीच्या वस्तीत शोध घेणारे लोक आहेत.
- ‘मुंबई १२’ असे लिहिण्याची पद्धत पिनकोडच्या आधीची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आले आणि परळचे १२ हे ४०००१२ झाले. सवयीने लोक ‘मुंबई १२’ नंतरही लिहीत, म्हणून उलट निष्कर्ष काढू नका : सहा आकडी पिन असेल तर १९७२ नंतरचे नक्की, नसेल तर काही सांगता येत नाही.
- डिलाइल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग.
- बी. डी. डी. (ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या) चाळीचा क्रमांक वस्तीशिवाय निरुपयोगी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, प्रत्येक ठिकाणी क्रमांक नव्याने सुरू होतात.

नुसत्या गैरहजेरीची नोंद. पगाराच्या तारखा एका ओळीत उतरवा. सलग महिने रिकामे दिसले तर आजारपण, गावी शेतीची कामे, गिरणी बंद किंवा संप. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात कित्येक वह्यांत पगार थांबतो आणि उसनवारीची यादी लांबत जाते. मग एखादे नवीन काम दिसते : वॉचमन, भाजी, घरी बसून शिवण. या काळात वहीतले अक्षर बदलते का, ते पाहा. हिशेब बाईने हाती घेतलेला असतो आणि घरातली तिची पहिली लेखी खूण तीच असते.

दुसऱ्याच्या नावावर काम. गिरणीच्या कागदावरचे नाव आणि माणूस एकच असेलच असे नाही. पुतण्याने काकाच्या तिकिटावर (गिरणीतल्या हजेरीच्या क्रमांकावर) काम केले, गावात एक आडनाव आणि गिरणीत बापाचे किंवा गावाचे नाव आडनाव म्हणून लागले, असे घडे. तिकीट क्रमांक, खाते आणि सही किंवा अंगठा, तिन्ही ताडा. नाव जुळत नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका.

## टप्पा ६ : फोटो आणि वही एकमेकांवर बसवणे

एक मोठा तक्ता करा. डावीकडे महिना-साल, मग तीन रकाने : वही काय म्हणते, फोटो काय म्हणतो, इतर कागद काय म्हणतो. रिकामे घर रिकामेच ठेवा.

समजा वहीत आहे : ‘१२ ऑक्टो. रवि. फोटो ३ रु. ५० न. पै., टॅक्सी नाही, चालत’. ख पाकिटात एक स्टुडिओ फोटो आहे, त्यात नवरा-बायको आणि सहा-सात महिन्यांचे मूल. वार आणि नवे पैसे मिळून १९५८ सुचवतात. मूल मार्च १९५८च्या आसपास जन्मलेले असेल तर जोडी जमते. पण त्याच वहीत पुढच्या वर्षीही फोटोचा खर्च असेल तर जमलेली जोडी पुन्हा मोडा. एका फोटोला एकच नोंद चिकटवून टाकायची घाई ही इथली नेहमीची चूक.

प्रत्येक जुळणीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा : नक्की, बहुधा, ऐकीव. ‘नक्की’साठी दोन स्वतंत्र पुरावे हवेत. वही आणि त्या वहीवरूनच कोणी सांगितलेली आठवण, हे दोन पुरावे होत नाहीत.

## टप्पा ७ : आता माणसांना विचारा

इतका वेळ थांबायचे कारण म्हणजे आता तुम्हाला काय विचारायचे ते कळते आणि उत्तर तपासता येते. घरातले माणूस फार थकलेले असेल तर मात्र क्रम मोडा आणि टप्पा ३ झाल्या झाल्या त्यांच्याकडे जा.

एका बैठकीत आठ-दहा फोटो, चाळीस मिनिटे. मोठ्या पडद्यावर किंवा टॅबवर दाखवा, मूळ फोटो हातात देऊ नका. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. ‘हे आजोबाच ना?’ असे विचारलेत की उत्तर ‘हो’ येते. ‘यात कोण कोण दिसते?’ असे विचारा. मग : फोटो कोणी काढला, का काढला, त्या दिवशी घरातले कोण फोटोत नाही, पाठीमागे काय आहे. न आलेल्याबद्दलच्या प्रश्नाला सर्वांत लांब उत्तरे मिळतात.

दोन माणसांना वेगवेगळे विचारा, एकत्र बसवले की मोठ्या आवाजाचे म्हणणे उरते. दोघांची उत्तरे वेगळी आली तर दोन्ही लिहा, नाव आणि तारखेसह.

बायकांची ओळख पटवताना तीन नावे मागा : माहेरचे, सासरचे, हाक मारायचे. लग्नात नाव बदललेली बाई वहीत एका नावाने, फोटोमागे दुसऱ्या आणि ईएसआय कार्डावर तिसऱ्या नावाने असते. वंशावळीत तीच दोनदा शिरते किंवा पूर्ण गळते.

धोका : सांगितलेले नाव मूळ फोटोवर लिहू नका. क्रमांक तेवढा मागच्या बाजूला, कडेला, २बी पेन्सिलने हलक्या हाताने. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर.

## टप्पा ८ : बाहेरची कागदे

तक्त्यातली रिकामी घरे पाहून, नेमका प्रश्न घेऊन कचेरीत जा. ‘आमची काही माहिती मिळेल का’ या प्रश्नाला नकारच मिळतो.

गावाकडे फेरफार नोंदवही (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची, गाव नमुना ६) सर्वांत उपयोगी. वारस नोंदीत मृत्यूची साधारण तारीख, सगळे वारस आणि लग्न झालेल्या मुलींची नावेही सापडतात. मुंबईत राहणाऱ्याचे नाव गावच्या जमिनीत लागलेले असते, म्हणून शहरात न सापडणारे नाते तिथे दिसते. जुन्या जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक तहसील कचेरीत विचारा. यांतले जुने भाग मोडीत असतात. मुंबईतल्या जन्म-मृत्यूसाठी महापालिका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आधीची शाळा आणि गाव कळते, जन्मतारखेबद्दल वर सांगितलेच आहे.

गिरणीच्या कागदांसाठी आधी गिरणी सरकारी झाली होती का ते पाहा. १९७४च्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यामुळे १९७४ आधीच्या आणि नंतरच्या कागदांवर मालकाचे नाव वेगळे असते. गिरणी बदलली असे समजू नका. कामगार गिरणीला बोलण्यात वेगळ्याच नावाने ओळखत. वहीतले ते नाव कागदावरच्या नावाशी जुळवायला जुना शेजारी जितका उपयोगी पडतो तितकी कचेरी पडत नाही.

## प्रती वाटताना

वहीत कोणाचे कर्ज, आजार, दुसरे लग्न, पोलीस ठाण्यातली रात्र असू शकते. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या हयात वारसांना विचारा. ते नको म्हणाले तर ती पाने वाटायच्या प्रतीतून वगळा, मूळ स्कॅनमधून नव्हे. ज्यांनी फोटो दिले त्यांचे फोटो त्याच पाकिटात, त्याच क्रमाने परत करा आणि नोंदवहीत परतीची तारीख घाला. सोबत त्यांच्या फोटोंच्या स्कॅनची पेनड्राइव्ह दिली तर उरलेला अल्बमही पुढच्या खेपेस समोर येतो.